कामसायचं जुनं कार्ड

उबोन, ९ ऑगस्ट

तुक्ता, बाळा,

मोठ्या मावशीचे आशीर्वाद. भाताची लावणी आटोपली. कोंबड्या मजेत. बँकॉकच्या व्हॅनवाल्याकडे पत्र देतेय, कारण फोनवर बोलायला गेले तर मी विनोद करीन. सध्या मला माझ्या विनोदांची भीती वाटते.

तुझी आई इस्पितळात आहे. जिवंत आहे. भाजल्यासारखी कातडी सुटतेय, ओठ फुटलेत, डोळ्यांवर पट्ट्या. डोळे राहतील की नाही, ते शुक्रवारी सांगणार.

सल्फाच्या गोळीने झालं. गोळी कुठून आली, नर्सने विचारलं. "दुकानातून," मी म्हटलं. तुलाही तेच लिहिणार होते.

शेतातल्या चिखलाचा तो ताप मला आला, तेव्हा वीस आठवडे घ्यायला हीच गोळी दिली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, जंतू आपलं जीवनसत्त्व स्वतः शिजवतो. ही गोळी त्याच्या हंडीत खोटा तांदूळ टाकते. शिजत नाही, मग त्याची वाढ खुंटते. आपण माणसं ते जेवणातून आयतं खातो, म्हणून आपलं अडत नाही."

"म्हणजे जंतू माझ्या सुनेपेक्षा बरा, स्वतः रांधतो तरी!" अख्खा वॉर्ड हसला.

बाराव्या आठवड्यात बरं वाटलं, गोळ्या सोडल्या. उरलेल्या डब्यात ठेवल्या.

रविवारी तुझ्या आईला लघवीला जळजळ आणि ताप. मी डबा उघडला.

"अक्का, माझ्या कार्डावर सल्फा नको म्हणून लिहिलंय. तुक्ता पोटात असताना ही गोळी घेतली, तर तोंडभर फोड आले होते."

"कार्ड कुणाच्या नावाचं?"

"कामसायच्या."

"आणि तू कोण?"

"फिम्पिसा."

विहारातल्या भंतेंनी ग्रह पाहून नाव बदलून दिल्यापासून मी तिला किती छळते, तुला ठाऊकच आहे. म्हटलं, "मग झालं तर! ती पीडा कामसायची. नावाबरोबर गेली."

मी हसले. ती हसली नाही गं. तिला ते पटलं. हात जोडून तिने गोळी घेतली. दोन दिवसांत चार.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिचं नवं कार्ड लिहिलं, दोन्ही नावं घातली. आणि माझा ताप उलटू नये म्हणून मला तीच गोळी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तिच्या खाटेशी बसून सकाळ-संध्याकाळ गिळते.

मला काहीही होत नाही.

शुक्रवारच्या आत ये.

तुझ्या आईने जिच्या बोलण्यावर विश्वास ठेवला, ती
मावशी