रवानगीचा रकाना

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. अवधपुरी, भोपाळ

१. १७ ऑगस्ट २००९, सोमवार. सकाळी पावणेअकराला साध्या कपड्यांतली दोन माणसे आमच्या क्वार्टरच्या दारात आली.
२. "दस मिनट का काम है," असे सांगून त्यांनी माझ्या वडिलांना, अच्युत देशकर यांना, जीपमध्ये बसवले. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. मी अकरा वर्षांची होते.
३. दोन दिवस आधी बाबांनी एका सायकलवाल्याला उडवून पळालेल्या जीपचा नंबर लिहून घेतला होता. ती जीप ठाणेदाराच्या भावाची होती.
४. संध्याकाळी आई ठाण्यात गेली. ठाणेदार नीळकंठ दाणी मराठी निघाले, म्हणून तिला हायसे वाटले. ते म्हणाले, "असा कुणी आलाच नाही, वहिनी. घरी जा."
५. बाबा परत आले नाहीत. त्यांना आणल्याची नोंद कुठेही सापडली नाही. नोंद नाही म्हणून तक्रारही घेतली गेली नाही.
६. आज मी त्याच ठाण्याची जुनी रजिस्टरे संगणकावर चढवण्याच्या कामावर रुजू झाले.

हे एकदाच लिहिले. पुन्हा लिहिणार नाही.

बाकी दिवस चांगला गेला. नागपूरहून गाडी वेळेवर आली. सुमनमावशी, आईची जुनी शेजारीण, स्टेशनवर स्वतः आली होती. घरी पोहे आणि जिलेबी. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकीशी सीताफळाचे झाड. मी किती वाळले आहे हे मावशीने तीनदा सांगितले. नोकरी पोलिसांची घेतलीस ती घेतलीस, पण तिथले अन्न खायचे नाही, डबा न्यायचा, असा हुकूमही सोडला. मला हे घर आवडले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ठाणे चार वर्षांपूर्वी नव्या इमारतीत गेले. जुन्या इमारतीत आता आमची चार टेबले, दोन स्कॅनर आणि रजिस्टरे. रजिस्टरे ठेवली आहेत ती खोली पूर्वीची हवालात, कैद्यांची कोठडी. गज तसेच आहेत, कुलूपही तेच. काम सरळ आहे: जुन्या अटकांच्या नोंदी एका संकेतस्थळावर जातील आणि कोणालाही नाव टाकून त्या शोधता येतील. कंत्राटदाराकडून पराग नावाचा मुलगा आमच्यावर देखरेख करतो. हुशार आहे, घाईत असतो.

किल्ली गोविंदजींकडे. हवालदार, निवृत्तीला दोन वर्षे. रजिस्टर कसे वाचायचे ते त्यांनी शिकवले. माणूस आत आला की 'आमद', बाहेर गेला की 'रवानगी'. दोन्हींपुढे वेळ आणि सही. आपली ओळ आपण लिहायची नसते, ती दुसऱ्यानेच लिहायची. रवानगीचा रकाना कोरा असेल तर माणूस आतच आहे, मग तो दिसो वा न दिसो, असे म्हणून ते हसले.

सकाळी सव्वादहाला कुलूप उघडताना ते मोठ्याने म्हणतात, "हवालात खाली!" म्हणजे रिकामी. तीस वर्षे रोज सकाळी कैद्यांचा आकडा पुकारायची सवय. पराग त्यांना विचारतो की फायलींना जामीन कधी मिळणार. मला ही सवय बरी वाटली. मोजणारा माणूस मला आवडतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सापडले.

ऑगस्ट २००९ च्या रजिस्टरमध्ये दोन पाने डिंकाने चिकटवलेली होती. चहाच्या ग्लासाच्या वाफेवर धरून ती सोडवली. ओळ ३४. अच्युत देशकर. आमद ११.२०. सही नीळकंठ दाणी. रवानगीचा रकाना कोरा.

तीन फोटो काढले.

आमची प्रणाली हा रकाना कोरा ठेवू देत नाही. पराग म्हणाला की असे आले तर त्याच दिवशीची संध्याकाळ टाकायची, सगळे तेच करतात. मी टाकली नाही. तपासणीचा नियम या एका नोंदीपुरता बंद केला आणि नोंद जशी आहे तशी जतन केली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आत किती माणसे आहेत ते मोजणारा, आजवर शून्य दाखवणारा एक आकडा आहे. तो बदलला. अभिरक्षेत: १.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गोविंदजींनी कुलूप उघडले आणि म्हणाले, "एक बंद."

मग स्वतःच थबकले. वय झाले म्हणून हसले. पराग म्हणाला, "कौन है चाचा, मच्छर?"

मी हसले नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

डबा मी हवालातीच्या खिडकीत ठेवते, तिथे सावली असते. आज एक वाजता घ्यायला गेले तर रिकामा. विसळलेला. रुमालाची गाठ दुहेरी, टोके आत खोचलेली.

मावशी साधी गाठ मारते. अशी गाठ बाबा मारत. ऑफिसातून डबा ते विसळूनच आणत, आई त्यावरून त्यांना चिडवायची.

कुलूप बंद होते. किल्ली गोविंदजींच्या कमरेला. रजिस्टरांमागून एकदा खोकला आला, दमेकऱ्याचा, दोन छोटे आणि एक लांब. आईला फोन केला नाही. आधी खात्री करायला हवी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चाचणी घेतली. शेवटच्या रजिस्टरात बरीच पाने कोरी आहेत. पावणेदोनला शाईच्या पेनाने लिहिले: गोविंद, हवालदार. आमद २.१०. रवानगी २.१५. पुढे माझी सही.

दोन वाजून दहा मिनिटांनी ते झाडू शोधायला आत गेले आणि दार मागे बसले. पराग आणि मी दोघांनी ओढले, हलले नाही. सव्वादोनला आपोआप उघडले. घाम पुसत बाहेर आले. "मैडम, आज तो हम ही अंदर हो गए. पाँच मिनट की सज़ा."

म्हणजे संगणक फक्त वाचतो. चालते ते कागदावर.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दाणी आता अरेरा कॉलोनीत राहतात. रविवारी जाऊन पाहिले होते. फाटकात उभे राहून गाडी धुणाऱ्याला सूचना देत होते. केस पांढरे, पाठ ताठ. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. ज्येष्ठ नागरिक मंडळाची वर्गणी मागायला आले असे त्यांना वाटले असावे.

आज सकाळी साडेदहाला माझ्यापुढे दोन कामे होती. ओळ ३४ मध्ये बाबांची रवानगी लिहिता आली असती. ते सुटले असते, कुठे ते मला ठाऊक नाही. मी दुसरे काम आधी केले.

नीळकंठ दाणी. आमद ११.२०. रवानगी कोरी.

बाबा सोळा वर्षे थांबले. आणखी थोडे थांबतील. त्यांच्याशी बोलायला माणूस पाठवते आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

"दो बंद."

गोविंदजी आता हसत नाहीत. त्यांनी बदलीचा अर्ज केला आहे.

मला गाढ झोप लागली. बऱ्याच वर्षांनी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुपारी एक बाई आल्या. ऋचा दाणी, चाळिशीच्या, शाळेत शिकवतात. गुरुवारी पावणेअकराला दोन माणसे वडिलांना घेऊन गेली, दहा मिनिटांचे काम म्हणाली. नवे ठाणे म्हणते आम्ही कोणाला पाठवले नाही. संकेतस्थळावर नाव टाकून पाहिले, काही नाही. कोणीतरी सांगितले की जुन्या ठाण्यात नोंदींचे काम चालते. त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

मी अर्ज घेतला. त्यावर त्यांचा फोन नंबर होता. मग म्हटले, "असा कुणी आलाच नाही, ताई. घरी जा."

हे वाक्य म्हणायला किती सोपे आहे हे मला माहीत नव्हते.

गजांमागे कोणीतरी उठून उभे राहिल्याचा आवाज झाला. त्यांनीही ऐकला. उंदीर असतील, मी सांगितले. अर्ज खणात टाकला.

डबा आज विसळलेला नव्हता. न उघडता परत आला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चूक माझी. लिहून ठेवते.

ज्या माणसाला रजिस्टर लिहिता येते त्यालाच मी रजिस्टरांच्या खोलीत कोंडले.

ओळ ३४. रवानगी १७ ऑगस्ट २००९, १२.०५. घरी सोडले. सही नीळकंठ दाणी. शाई ओली. माझ्या बोटाला लागली.

फोटो पाहिले. तिन्ही फोटोंत रकाना भरलेला. पडद्यावरही. परागने पाठ थोपटली, म्हणाला एक नोंद अडली होती ती सुटली.

खोकला नाही. दिवसभर कान देऊन बसले. नाही.

मी गुरुवारी ते दुसरे काम आधी —

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी गोविंदजी: "एक बंद." मग रजिस्टराकडे बघत राहिले. शेवटच्या पानावर नवी ओळ. अक्षर दाणींचे, नाव माझे.

मृणाल देशकर. उद्या. आमद ११.२०.

ओळ खोडली. शाई वर आली. पान फाडले. पुढच्या पानावर तीच ओळ.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नागपूरची गाडी सकाळची होती. रिक्षा आली नाही. दुसरीही नाही.

पावणेअकरा. खाली मावशी कोणाशी तरी बोलते आहे. वर हाक मारते आहे, अगं, दहाच मिनिटांचं काम आहे म्हणतात, डबा घेऊन जा —

(तारीख गोविंदजींच्या पुकाऱ्यावरून. बहुधा शुक्रवार, २१.)

ऋचाताई,

हे पान डब्यात ठेवते आहे. वर तुमचा फोन नंबर लिहिला आहे. अर्जावरचा पाठ होता. डबा खिडकीत दिसला की गोविंदजी तुमच्यापर्यंत पोचवतील, ते भले आहेत.

मी तुम्हाला खोटे सांगितले. तुमचे वडील इथे आहेत. मी आणले. मीही इथे आहे, त्यांनी आणले. खात्री हवी असेल तर सकाळी सव्वादहाला गोविंदजींच्या शेजारी उभ्या राहा आणि ते कोणता आकडा पुकारतात ते ऐका. तो ते का पुकारतात हे त्यांना माहीत नाही.

इथे स्वतःची रवानगी लिहिता येत नाही. तुमच्या वडिलांनी बरेचदा लिहून पाहिली, शाई उडून जाते. पण एकमेकांची लिहिता येते. ते पेन माझ्याकडे सरकवतात. तू माझी लिही, मी तुझी लिहितो, म्हणतात. मराठीत, गोड आवाजात, मला बाळ म्हणतात.

मी लिहिलेली नाही.

मी त्यांना एकच विचारते. बारा वाजून पाच मिनिटांनी जीप कुठे गेली. ते म्हणतात, असा कुणी आलाच नाही.

तुमच्या आवाजाला ते ओ देतील. सोमवारी तुम्ही बोललात तेव्हा तेच उठले होते. खिडकीशी उभ्या राहून विचारा, अच्युत देशकर यांना कुठे नेले. जागा, रस्ता, खूण. ते सांगतील ते माझ्या आईला लेखी कळवा आणि एक प्रत या डब्यात ठेवा. ती वाचल्यावर मी त्यांची रवानगी लिहीन. त्याआधी नाही. माझी ते लिहितील की नाही, त्याच्याशी तुमचा संबंध नाही.

आई नागपूरला असते. नाव वंदना देशकर. पत्ता सुमनमावशीकडे.

सोमवार, २४ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्यावे. त्यानंतर स्वतःची रवानगी लिहून घेण्यासाठी त्यांनी तुमचे नाव लिहायला घेतले तर मी त्यांना अडवू —