काकांची खुर्ची आणि पाच स्पीकर

४ तारीख, सोमवार
खालच्या मजल्यावर, तिच्या घरी, होम थिएटर आलं. पाच स्पीकर, एक ढोला वूफर, एक अ‍ॅम्प्लिफायर. काका (तिचे बाबा) इलेक्ट्रिशियनला बोलावणार होते. म्हटलं, मी असताना? कॉलेज सोडलं असलं तरी इलेक्ट्रॉनिक्सची तीन सेमिस्टर झालीत. (सरांच्या अंगावर जर्नल भिरकावलं नसतं तर चौथंही झालं असतं.) ती जिन्यापर्यंत सोडायला आली. बाबांच्या कानाबद्दल काहीतरी सांगत होती. मी तिच्या कानातल्यांकडे बघत होतो. हिरवे खडे. आलं ना लक्षात, म्हणाली. आलंच! ती माझ्यात पार गुंतलीय.
संकल्प: शनिवारपर्यंत एक नंबर साउंड. मग काकांपाशी तिचा विषय काढायचा.

५, मंगळवार
मॅन्युअल वाचलं नाही. मॅन्युअल कच्च्या लोकांसाठी असतं. लाल वायर लालला, काळी काळीला. आवाज शून्य. दुकानदाराला फोनवर झाप झाप झापलं. तो शांतपणे विचारतो, एचडीएमआय कुठल्या पोर्टात घातलीय? मला शिकवतोय! फोन आपटला.

६, बुधवार, सकाळी ११
तिनं मॅन्युअल वाचलं. केबल उपसून एआरसी लिहिलेल्या पोर्टात खुपसली. आवाज आला. मी तेच करणार होतो. दोघांची डोकी एकाच दिशेनं चालतात, हे काय कमी आहे?

७, गुरुवार
टेपनं खोली मोजली. दोन्ही पुढच्या स्पीकरपासून सारख्या अंतरावर काकांची खुर्ची हवी. काका खिडकी सोडत नाहीत. वर म्हणतात, बॉम्ब फुटलेला कळतो रे, फोडणारा काय बोलतो ते कळत नाही. मी मागचे स्पीकर वाढवले. शेजारचं बाळ उठलं. काका माझ्या दर वाक्याला काय? काय? करतात. मुद्दाम. मी अजिबात चिडलो नाही. स्क्रूड्रायव्हर हातातून निसटला, तो जरा जोरात.
आई म्हणाली, आपला मिक्सर तीन आठवडे बंद पडलाय. आईला प्रेम कळत नाही.

९, शनिवार, संध्याकाळी ६
बोललो! काका सिनेमा बघत होते. डाव्या बाजूला स्टूल ओढलं, घसा खाकरला आणि सगळं सांगून टाकलं. तुमची मुलगी मला आवडते, कामाला लागतो, जन्मभर सुखात ठेवीन. काका पडद्याकडे बघत मान डोलवून म्हणाले, बरं बरं, असू दे तिथेच.
होकार! इतक्या झटकन! वर येऊन आईला मिठी मारली. तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

१०, रविवार, दुपारी
तिनं मधला, संवादांचा स्पीकर उचलून काकांच्या उजव्या हाताशी स्टुलावर ठेवला. माझी सगळी मापं मातीत. पण काका हसले. विनोदावर, आणि वेळेवर. ती म्हणाली, सोमवारीच सांगितलं होतं ना रे तुला, बाबांचा डावा कान पार गेलाय.
डावा.

रविवारच, संध्याकाळी ५
उजवीकडून गेलो. पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. काकांनी टीव्ही म्यूट करून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, अरे, माझं राहू दे. तिला विचारलंस का?
तिला विचारायचं राहिलंच होतं.
आतून ती म्हणाली, माझे दोन्ही कान शाबूत आहेत, विचार. विचारलं. नाही म्हणाली. रागावून जाऊ नकोस, चहा टाकलाय, असंही म्हणाली.
चहा प्यायलो. काकांनी म्यूट काढला. आवाज छान येत होता.