युद्ध थांबविण्याचे काम माझ्याकडून काढून देशाच्या सरकारकडे पाठविणेबाबत

दिनांक : २२

प्रति,
मा. नगरसचिव साहेब,
सर्वसाधारण सभा व ठराव विभाग,
महापालिका मुख्य कार्यालय.

विषय : परदेशात चालू असलेले युद्ध थांबविण्याचे काम माझ्याकडून काढून घेऊन मूळ ठराव देशाच्या सरकारकडे तातडीने पाठविणेबाबत.

संदर्भ : १) सर्वसाधारण सभा ठराव क्र. ११७.
२) कनिष्ठ अभियंता, पाणीपुरवठा, यांनी मला दिलेला आदेश, दि. ९.
३) मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस, दि. १८.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी पाणीपुरवठा खात्यात पूर्व विभागात व्हॉल्व्हमन आहे. सव्वीस वर्षे सेवा झाली. लिहिण्याची सवय कमी आहे, चुकले तर पदरात घ्यावे.

१. गेल्या महिन्याच्या सभेत सभागृहाने एकमताने ठराव केला, की परदेशातील युद्धात आपल्या देशाचे सैन्य गुंतले आहे, ते युद्ध देशाच्या सरकारने थांबवावे आणि आपली मुले परत आणावीत. त्या दिवशी सभागृहात पाण्याचे जार पोहोचवायला मी होतो. पाणीपुरवठा समितीच्या सभापती बाईंनी ठराव मांडला. त्या इतक्या पोटतिडकीने बोलल्या, की माझ्याकडून टाळ्या वाजल्या. मी वर्षानुवर्षे कीर्तनाला पुढे बसणारा माणूस, हात आवरत नाहीत. कर्मचाऱ्याने सभागृहात टाळ्या वाजवल्याबद्दल मला समज देण्यात आली. ती मला मान्य आहे.

२. आपल्या कार्यालयाच्या पद्धतीप्रमाणे, ज्या समितीचे सभापती ठराव मांडतात त्या समितीच्या खात्याकडे तो अंमलबजावणीसाठी जातो. 'अंमलबजावणी करणारे खाते' हा रकाना कोरा ठेवता येत नाही. सबब युद्ध थांबविण्याचा ठराव पाणीपुरवठा खात्याकडे आला. कार्यकारी अभियंता साहेबांनी तो न वाचता 'आवश्यक कार्यवाहीस्तव' म्हणून उपअभियंता साहेबांकडे दिला, त्यांनी कनिष्ठ अभियंता साहेबांकडे, आणि त्यांनी माझ्याकडे. माझ्या खाली कोणी नाही. म्हणून तो माझ्यापाशी थांबला.

३. मला मिळालेला आदेश जसाच्या तसा असा : "सदर युद्ध सात दिवसांत थांबवून अनुपालन अहवाल सादर करावा. मनुष्यबळ : एक. साहित्य : उपलब्ध साठ्यातून घ्यावे." मी आदेश घेऊन भांडारात गेलो. भांडारपाल म्हणाले, "युद्धाला कितीचा पाना लागतो रे? मोठा संपलाय." सगळे हसले. मीही हसलो, खोटे कशाला सांगू. पण माझा मुलगा त्या युद्धावर आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. कळल्यावर त्यांनी मला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला.

४. आदेश आहे तर पाळला पाहिजे, म्हणून मी जमेल ते केले. सुट्टीच्या दिवशी सैन्यभरती कार्यालयात जाऊन फाटकावरच्या शिपायाला ठराव दाखवला. त्याने तो पूर्ण वाचला आणि म्हणाला, "काका, चांगलं लिहिलंय. पण हे योग्य मार्गाने यायला हवं." योग्य मार्ग म्हणजे मी, मग कनिष्ठ अभियंता, मग उपअभियंता, मग कार्यकारी अभियंता, मग आपण. मी ठराव वर पाठवायला गेलो तर प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळाले : हा कागद वरून खाली आलेला आहे, खालून वर घेता येत नाही. वर फक्त अनुपालन अहवाल जातो.

५. म्हणून कनिष्ठ अभियंता साहेबांनी मला प्रेमानेच समजावले, "अहो, 'कार्यवाही पूर्ण' लिहा आणि मोकळे व्हा. तिकडे कोण बघायला जातंय?" साहेब माणूस चांगला आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या नोंदीवर ठरावाची फाईल बंद होते. मग तो कधीच सरकारकडे जाणार नाही, आणि या शहराच्या दप्तरात युद्ध थांबले असे कायमचे लिहिलेले राहील. सव्वीस वर्षांत पाणी न सोडता 'सोडले' असे मी एकदाही लिहिलेले नाही. हे कसे लिहू? अहवाल न दिल्यामुळे माझ्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, अशी नोटीस मला आली आहे. कारवाई जरूर करावी. फक्त ती करताना ठराव माझ्या हातातून सुटावा.

६. मला युद्धातले काही कळत नाही. कोण बरोबर, कोण चूक, हे मोठ्यांनी ठरवावे. मला गल्ल्या कळतात. माझ्या विभागात शेवटच्या गल्लीच्या टोकाच्या घराला कधी धड पाणी मिळाले नाही, लोक मला तोंडावर शिव्या देत. हल्ली तिथे पाणी जोरात येते. पाईप तोच, वेळ तीच. त्या गल्लीतली नऊ मुले युद्धावर गेली आहेत, त्यांच्या आंघोळीचे पाणी वाचते. टोकाच्या घरातल्या म्हातारबाबांनी मला बोलावून सांगितले, "बाबा रे, कमी सोड. हे पाणी आता बघवत नाही." व्हॉल्व्हमनला कमी सोडा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

७. हा परिच्छेद कृपया आपणच वाचावा, पुढे पाठवू नये. माझ्या मुलाला पाण्याचे काम येते. लहानपणापासून माझ्याबरोबर फिरून शिकला. हे सैन्यातल्या वरिष्ठांना कळल्यावर त्यांनी त्याला तिकडच्या एका गावाच्या मुख्य व्हॉल्व्हवर नेमले आहे. काम एकच, गावाचे पाणी बंद ठेवायचे. त्याचे पत्र कोणातर्फे तरी हातोहात आले. लिहितो, "बाबा, हात तुमचाच आहे माझा, व्हॉल्व्ह एका झटक्यात बंद झाला. आज नववा दिवस. बायका रिकामी भांडी घेऊन कुंपणापाशी येतात. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, नुसत्या उभ्या राहतात. चावी माझ्याकडेच असते. काय करू?"

साहेब, पत्र येऊन पाच दिवस झाले, मी उत्तर दिलेले नाही. त्याची आई पहिल्या दिवशी म्हणाली, "उघड म्हणून लिहा की! पाणी अडवायला का जन्माला घातलं त्याला?" दुसऱ्या दिवशी तीच माझा हात धरून म्हणाली, "नका हो लिहू. मारतील त्याला." कीर्तनात बुवांनी रडवले की मी मोकळेपणी रडतो आणि हलका होऊन घरी येतो. परवा बुवा तहानलेल्याला पाणी देणाऱ्याची कथा सांगत होते, मी मधूनच उठून बाहेर आलो. उघडला तर माझा मुलगा जातो. न उघडला तर ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत ती माणसे जातात, आणि माझा मुलगा परत आला तरी तो परत आला असे मला म्हणता येईल का, ठाऊक नाही. बापाने यातले कोणते लिहून पाठवावे? युद्धच थांबले तर दोन्ही लिहावे लागत नाही.

८. सैन्य ठेवायचे की परत बोलवायचे, हे देशाचे सरकार २८ तारखेला ठरवणार आहे. शहरांचे ठराव २६ पर्यंत पोहोचले तरच विचारात घेतले जातील, असे जाहीर झाले आहे. टपालाला तीन दिवस लागतात. म्हणजे उद्याचाच दिवस हातात आहे. एका ठरावाने युद्ध थांबते असे मी म्हणत नाही, मी एवढा भोळा नाही. पण सभागृहातल्या सगळ्यांनी हात वर केले होते, आणि ते सगळे हात आज माझ्या पिशवीत घडी होऊन पडले आहेत.

तरी नम्र विनंती, की सदर ठरावाच्या 'अंमलबजावणी करणारे खाते' या रकान्यातील 'पाणीपुरवठा' हा शब्द खोडून तेथे 'देशाचे सरकार' असे लिहावे, खोडल्याजागी आपली सही करावी, आणि ठराव उद्याच्या टपालाने रवाना करावा. टपाल चुकणार असेल तर मला रजा मंजूर करावी, मी स्वतः राजधानीला नेऊन देतो. तेही शक्य नसेल आणि युद्ध थांबविण्याचे काम माझ्याकडेच राहणार असेल, तर कोणाला भेटायचे तेवढे लेखी कळवावे. मी जाईन.

ठराव रवाना होताच त्याचा जावक क्रमांक मला मिळावा. मुलाला उत्तरात तेवढाच लिहून पाठवीन. दुसरे काय लिहावे ते मला सुचत नाही.

आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून असलेला,
आपला आज्ञाधारक,

(सही)
व्हॉल्व्हमन, पूर्व विभाग,
पाणीपुरवठा खाते.

सोबत :
१. ठराव क्र. ११७, शिक्क्यासह मूळ प्रत. (दुसरी प्रत नाही, कृपया सांभाळावी.)
२. युद्ध थांबविण्याचा आदेश.
३. कारणे दाखवा नोटीस.
४. अनुपालन अहवालाचा नमुना, कोरा.
५. मुलाचे पत्र जोडलेले नाही. त्याची आई हातातून सोडत नाही.