उशीखालचे गुप्तदान

आदरणीय मेहुणे यांस,

आम्हां उभयतांचा आपणां उभयतांस नमस्कार. आपली प्रकृती बरी असल्याचे आपल्या अक्षरावरूनच कळले. मागील पत्रातील ओळी उताराला लागल्या होत्या, या वेळी त्या सरळ चालल्या आहेत. वहिनींच्या गुडघ्याला शेक चालू असेलच. त्यांना जिने चढू देऊ नयेत आणि चढल्याच तर आपण खालून सूचना देऊ नयेत, त्याने त्यांचा गुडघा अधिक दुखतो असे आपल्या भगिनीचे मत आहे. माझे म्हणाल तर दात सोडून सर्व जागच्या जागी आहे.

आपण पुढील पंधरवड्यात प्रथमच हॉटेलात उतरणार आहात हे वाचून संतोष झाला. खोली आवरणाऱ्या माणसांना जाताना काही द्यावे लागते का, आणि द्यायचे तर किती, असा प्रश्न आपण केला आहे व उत्तर एका ओळीत मागितले आहे. आपली आज्ञा मोडतो, क्षमा असावी. नुकत्याच झालेल्या आमच्या प्रवासात याच एका विषयाने माझी अशी काही परीक्षा पाहिली की उत्तर एका ओळीत देणे म्हणजे आपल्यासारख्या ज्येष्ठ आप्ताला आंधळ्या वाटेवर सोडून देण्यासारखे होईल.

आम्ही चौघे गेलो होतो. चिरंजीव व सूनबाई एका खोलीत, आम्ही दोघे शेजारच्या. पहिल्याच दिवशी न्याहारीच्या टेबलावर हा विषय निघाला. चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, बिलात सगळं धरलेलं असतं. वेगळं कशाला?" सूनबाईंनी फोनवर जगाचे मत काढले. कोणी म्हणे रोज द्यावे, कोणी म्हणे शेवटी एकदम द्यावे, कोणी म्हणे दिल्याने सवयी बिघडतात (कोणाच्या, हे लिहिले नव्हते). जगाचे एकमत होईपर्यंत आमची खोली दोनदा झाडून झाली. तेव्हा मी मनाशी शास्त्राकडे वळलो. शास्त्राने देण्यापूर्वी स्थळ, वेळ आणि पात्र पाहावे असे सांगितले आहे. स्थळ ठरलेलेच होते. पात्राविषयी शंका नव्हती, कारण न्हाणीघरातील आरसा खोली आवरणाऱ्या बाई असा पुसत की सकाळी सकाळी स्वतःचे वय स्पष्ट दिसे. वेळेचा प्रश्न मात्र विचाराचा होता. शेवटच्या दिवशी एकदम द्यावे तर त्या दिवशी दुसरीच बाई कामावर असायची आणि एकीच्या कष्टाचे फळ दुसरीच्या पदरात पडायचे. म्हणून रोजचे रोज द्यावे असे ठरवले. किती, याला माप हवे. ज्या उपाहारगृहात आपण निवांत बसून चहा पितो, तिथल्या दोन चहांची किंमत मी धरली. आपला चहा आणि तिचा चहा. यात उपकाराचा भाव नाही व अपमानही नाही.

इथपर्यंत माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. घसरलो तो पुढे. दिल्याचा गाजावाजा झाला की दिलेले निम्मे वाया जाते, अशी माझी लहानपणापासूनची धारणा आहे (वडील देवळाच्या पेटीत पैसे टाकताना मला पाठमोरा उभा करीत). तेव्हा द्यायचे ते गुप्तपणे, अगदी घरच्यांच्याही नकळत. आता खोलीत जागा कोणती? टेबलावर ठेवावे तर चिरंजीव वर्तमानपत्र मागायला येत आणि बिलाचा विषय पुन्हा निघाला असता. न्हाणीघरात पैसे ठेवणे मनाला रुचेना. राहिली उशी. उशी ही वस्तू अशी की चादर बदलणारीने ती उचललीच पाहिजे. माझी उशी मी घरून नेलेली असते (मानेमुळे, आपल्याला ठाऊक आहे), तिला कोणी हात लावत नाही. म्हणून पलंगाच्या दुसऱ्या बाजूची, हॉटेलची उशी मी निवडली. रोज पहाटे फिरायला निघण्यापूर्वी, सौ. स्नानाला गेली की त्या उशीखाली ठेवून द्यावे आणि बाहेर पडावे. परतल्यावर खोली लख्ख आणि पैसे गेलेले. दात्याला आणखी काय हवे?

या काळात आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे मी पुरेसे लक्ष दिले नाही. आपली भगिनी विलक्षण सौम्य झाली होती. मी वेगाने चालतो आणि तिला मागे टाकतो ही तिची कायमची तक्रार. आल्या दिवशी तर "तुझ्या या चपलांमुळे उशीर होतो" असे मी म्हटल्यावर तिने दिवसभर माझ्याशी खिडकीमार्फत संभाषण केले होते (म्हणजे खिडकीकडे पाहून). परंतु नंतर अचानक चहात साखर पडू लागली, माझा चष्मा पुसलेला सापडू लागला, आणि एकदा तर मी बोलत असताना तिने मध्येच थांबवले नाही. दानाचे पुण्य इतक्या लवकर फळाला येते हे पाहून मी चकित झालो. फळाची इच्छा मी केली नव्हती. पण आपण होऊन आलेले फळ परत पाठवावे असेही कुठे सांगितलेले नाही.

मग माझ्या जिभेने घात केला. लिफ्टपाशी त्या मजल्याची देखरेख करणाऱ्या बाई भेटल्या. वाटले, आपल्या दानाविषयी बोलू नये, पण घेणारीच्या गुणांविषयी बोलायला काय हरकत आहे? म्हणून त्यांना म्हणालो की आमची खोली आवरणाऱ्या बाई मोठ्या निःस्पृह आहेत, उशीखालचे रोज निमूटपणे घेतात आणि त्याचा कधी उच्चारही करीत नाहीत. देखरेखवाल्या बाईंचा चेहरा गंभीर झाला. ते मी कौतुक समजलो.

त्यांच्या कामाची एक रीत मला तेव्हा ठाऊक नव्हती, ती आपण ध्यानात ठेवावी. त्या मजल्यावर कोणत्याही खोलीत जे मिळेल ते एका डब्यात पडते आणि आठवड्याला सर्वांत वाटले जाते. खोल्या आवरणाऱ्यांना माणसे काहीतरी देतात. पण आत इस्त्री करणारीला, चादरी धुणारीला कोण देणार? त्यांचा वाटा त्या डब्यातून. एखादीने स्वतःचे मिळालेले वेगळे ठेवले, तर ती बाकीच्यांच्या तोंडचे खाते असे धरतात आणि तिला कामावर ठेवीत नाहीत. आमच्या खोलीतून त्या डब्यात एक नाणेही पडले नव्हते.

निघण्याच्या आदल्या दुपारी दार वाजले. देखरेखवाल्या बाई, आणि त्यांच्या मागे आमच्या खोलीच्या बाई, रडून लाल झालेल्या. सौ. सूनबाईंबरोबर बाजारात गेली होती.

"आजोबा, खरं सांगा, तुम्ही ह्यांच्यासाठी उशीखाली पैसे ठेवत होता ना?"

"होय," मी म्हणालो. खोटे बोलण्याची सवय नाही.

"मी उशी उचलते तेव्हा खाली चादरच असते हो, आजोबा!" त्या बाई म्हणाल्या. "माझ्या लेकरांची शपथ. रोज झटकते मी उशी. पैसे असते तर पडले नसते का?"

"मग काय उशीनं खाल्ले?" देखरेखवाल्या बाई.

"मला काय माहीत! तुम्ही माझी पिशवी बघा, कपाट बघा."

"बघितलं. म्हणून तर इथं आणलंय." आणि मला म्हणाल्या, "संध्याकाळी मला वर सांगावं लागेल आजोबा. बाकीच्या बायका ऐकत नाहीत. आजोबा कशाला खोटं बोलतील, म्हणतात."

मेहुणे, माझ्या सत्यवादित्वाची ख्याती माझ्या विरोधात अशी पूर्वी कधी उभी राहिली नव्हती. मी शोध घेतो असे सांगून त्यांना परत पाठवले आणि पलंगाखाली दिवा घेऊन उतरलो. तिथे धूळही नव्हती.

तेवढ्यात आपली भगिनी आली. हातात खोके. ते तिने पलंगावर ठेवले, उघडले, आतून निळ्या रंगाचे मऊ तळव्यांचे चालायचे बूट काढले आणि म्हणाली, "बघा. तुमच्याच पैशांचे आहेत." मी म्हणालो, कोणते पैसे? त्यावर ती हसली. (असे हसताना मी तिला मोठ्या मुलीच्या लग्नानंतर पाहिले नव्हते.) "रोज पहाटे माझ्या उशीखाली ठेवता ते. चपलांवरून बोललात ते लागलं होतं मला. पण तोंडानं चूक कबूल करणार नाही, गुपचूप पैसे ठेवणार! कळत नाही का मला?"

कोणत्या उशीवर कोणाचे डोके असते, हा विचार इतक्या दिवसांत माझ्या मनाला शिवलाच नव्हता.

माझी स्थिती आपण कल्पावी. सत्य सांगावे तर ते बूट संध्याकाळच्या आत दुकानात परत जाणार आणि त्यांच्याबरोबर ते हसूही. गप्प बसावे तर एका निरपराध बाईची नोकरी जाणार, आणि तीही मी केलेल्या स्तुतीमुळे. दुसरे पाप निःसंशय मोठे होते. म्हणून उठलो आणि म्हणालो, मी जरा मजल्याच्या टोकापर्यंत जाऊन येतो. एकट्याने जावे, प्रकरण मिटवावे, असा हेतू. आपली भगिनी म्हणाली, "थांबा, मीही येते. बूट चालवून बघते." आणि जन्मात पहिल्यांदा ती माझ्या पुढे चालू लागली.

टोकाला चादरींची खोली आहे. भिंतीला लागून घड्यांचे थर, मध्ये इस्त्रीचे लांब टेबल, गरम कापडाचा वास. देखरेखवाल्या बाई आणि चार-पाच बायका, त्यांच्यात आमच्या बाई खाली मान घालून टॉवेलांच्या घड्या घालीत होत्या आणि त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते. मी घसा साफ केला आणि म्हणालो की या बाईंनी माझा एक पैसाही घेतलेला नाही, त्यांनी तो पाहिलेलाही नाही, याची ग्वाही मी देतो.

"मग गेले कुठं?" इस्त्रीवाल्या बाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी शब्द जुळवीत होतो.

"कसले पैसे?" आपली भगिनी.

"आजी, आजोबा उशीखाली रोज ठेवत होते ना, ते."

"अहो, ते होय! ते माझे! माझ्यासाठी ठेवायचे ते." आणि तिने पाय पुढे केला. "हे बघा, घेतले मी."

मग एकच हशा. "ह्या वयात, आजोबा!" इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या. "आमचा माणूस उशीखाली तंबाखू ठेवतो." आमच्या बाई रडत रडत हसू लागल्या. देखरेखवाल्या बाईंनी तेवढे माझ्याकडे पाहिले. मी जे त्यांना दुपारी दारात सांगितले होते ते त्यांना शब्दशः आठवत होते, हे मला दिसत होते. मग त्या म्हणाल्या, "आजोबांचं बोलणं मीच नीट समजून घेतलं नाही. चूक माझी." आणि आमच्या बाईंच्या हातातले टॉवेल घेऊन स्वतः घड्या घालू लागल्या. असत्य त्या बोलल्या, लाभ मला झाला. याचा दोष कोणाच्या खाती जातो हे मी घरी आल्यापासून ग्रंथांत शोधतो आहे. अजून सापडलेले नाही.

पण आपली भगिनी तिथेच थांबली नाही. "म्हणजे इतके दिवस ह्यांनी आपली खोली आवरली आणि तुम्ही ह्यांना काहीच दिलं नाहीत?" ती सर्वांसमक्ष मला म्हणाली. "मला बूट आणि ह्यांना कोरडा नमस्कार? काय म्हणावं तुम्हाला!" इस्त्रीवाल्या बाईंनी मान डोलावली. माझ्याजवळ उत्तर होते, सप्रमाण होते, आणि ते मला देता येत नव्हते. मी मुकाट्याने सर्व दिवसांचे पैसे डब्यात टाकले, भर उजेडात, सहा-सात जणींच्या देखत, आणि वर "असू द्या, कधीकधी राहून जातं म्हाताऱ्या माणसाचं" ही सहानुभूतीही घेतली.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर: द्यावे. रोज द्यावे. दोन चहांचे द्यावे. आणि दिवसाढवळ्या, हातात, तोंडाने सांगून द्यावे. गुप्ततेचे पुण्य मिळवायला देवळाची पेटी पुरेशी आहे. तिच्यावर कोणी डोके ठेवून झोपत नाही.

वहिनींस नमस्कार व मुलांस आशीर्वाद सांगावेत. लोभ आहेच, तो प्रवासात हरवू नये.

आपला,
भगिनीपती

ता. क. हे पत्र वाचून झाल्यावर जाळून टाकावे. घरात नव्हे, वहिनींना वास येईल.

दुसरा ता. क. पत्र इतके लांबवण्याचे खरे कारण आता सांगतो. आपल्या भगिनीने हा सर्व प्रसंग (तिला ठाऊक आहे तसा) वहिनींना फोनवर सांगितला आहे. त्यामुळे आपल्या उशीखालच्या हालचालींकडे वहिनींचे लक्ष गेले असल्यास दोष माझा आहे. माझी हात जोडून विनंती इतकीच, की स्वतःचा बचाव करताना "त्याचेही ते चुकूनच झाले होते" हे वाक्य आपण कृपा करून उच्चारू नये. त्याऐवजी काहीतरी ठेवायला लागावे. आपल्या वयात फार ठेवावे लागत नाही.

तिसरा ता. क. पाकीट बंद करीत असता सौ. आली आणि नेहमीप्रमाणे दोन ओळी माझ्याही लिहा म्हणाली. ती सांगते ते शब्दशः उतरवतो: "दादा, खोली आवरणाऱ्या बाईचे पैसे टेबलावर पाण्याच्या ग्लासाखाली ठेव, तिला लगेच दिसतात. उशीखाली ठेवलेस तर ते कोणाचे हे कळेपर्यंत माणूस बूट घेऊन बसतो. मला कळलं ते इस्त्रीच्या खोलीत, ह्यांचं तोंड बघून. तोवर बूट घालून झाले होते. आणि चांगले आहेत."

पहिल्या ता. क. मधील जाळण्याची सूचना रद्द समजावी.