ढगळ सूट आणि आत स्वेटर

२ मार्च, रविवार. सकाळी ७.१५
निर्णय झाला. लेकीबरोबर स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करणार. जुन्या खाणीत पाणी साचून झालेला तलाव आहे, तिथे. पाणी नऊ डिग्री. लेक १४ एप्रिलला नोकरीसाठी लांब जाते आहे, वर्षभर तरी येणं नाही. काल जेवताना म्हणाली, बाबा, जाण्याआधी फक्त आपण दोघांनी एक काहीतरी करूया. मी क्षणात हो म्हटलं.
थंडीचा प्रश्न माझ्या बाबतीत येत नाही. बावीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. उणे अठरा डिग्रीच्या खोलीबाहेर माझं टेबल. (टेबलाखाली हीटर आहे, पण तो गुडघ्यांसाठी.)
आमच्या हिने विचारलं, तुम्हाला झेपेल का. हिला मे महिन्यातही शाल लागते. मी फक्त हसलो.

३ मार्च. सकाळी ६.४०
संकल्प: आजपासून रोज थंड पाण्याने आंघोळ. शरीर तयार व्हायला हवं.

३ मार्च. सकाळी ६.५५
पायांपासून सुरुवात केली. घोट्यापर्यंत उत्तम. आज पाणी नेहमीपेक्षा जास्तच गार होतं, टाकीत काहीतरी बिघाड असावा. प्लंबरला फोन करायला हवा. तोपर्यंत गीझर.

८ मार्च, शनिवार
तरणतलावावर पहिला दिवस. पाणी कोमट, त्यामुळे मला माझी चमक दाखवता आली नाही. कोच म्हणजे पंचविशीची पोरगी, गळ्यात कायम शिट्टी. तिला मी मनात शिट्टीच म्हणतो. दर दोन मिनिटांनी तिचं एकच पालुपद: थंडी वाजली की लगेच खूण करा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि दंड चोळायचे. सगळ्यांकडून दहा-दहा वेळा करून घेतलं. मी दोनदा केलं आणि थांबलो. लागणार नाही ती गोष्ट कशाला घोकायची.
एक नको ते घडलं. एका जोडप्याने नाव काढून घेतलं, जागा रिकामी झाली. ही बाकावर शाल घेऊन बसली होती. शिट्टीने विचारलं आणि ही चक्क उठली. आता हीसुद्धा कोर्सला. लेक आणि मी एक जोडी, ही शिट्टीबरोबर. खाणीतलं पाणी बघूनच ही घरी पळेल, मी लिहून देतो.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी
क्लबच्या खोलीत सूट निवडले. खोलीला ओल्या रबराचा वास. शिट्टीचं म्हणणं, सूट अंगाला घट्ट बसला पाहिजे. आत पाण्याचा पातळ थर अडकतो, तो शरीराच्या उबेने गरम होतो आणि आपल्याला ऊब देतो. सूट सैल असला तर गार पाणी आत-बाहेर करत राहतं.
हे सगळं नवख्यांसाठी. मला घट्ट सूटमध्ये धड श्वास घेता आला नाही. पोटावर चेन अडकली तेव्हा लेक आणि ही दोघी एकदम दुसरीकडे बघायला लागल्या. मग माझ्या डोक्यात आलं: दोन नंबर मोठा सूट घ्यायचा आणि आत लोकरीचा स्वेटर घालायचा. कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही थरावर थरच घालतो. शिट्टी फोनवर होती तेवढ्यात खुंटीवरचा सूट बदलून घेतला.
रबरी टोपी माझ्या डोक्यात जात नाही. आमच्या घराण्यात सगळ्यांचीच डोकी मोठी. टोपी रद्द. हातमोजेही रद्द, बोटं मोकळी हवीत.
हिने टोपी, मोजे, बूट सगळं घेतलं. सीलसारखी दिसत होती.

१४ मार्च. ऑफिस
फोर्कलिफ्टवाल्याला बोलावून झापलं. आतल्या खोलीत ठरलेल्या वीसऐवजी पस्तीस मिनिटं थांबला होता. बाहेर आला तेव्हा बोटं वळत नव्हती, सही करताना पेन दोनदा पडलं. म्हणे, साहेब, काम संपवूनच यावं असं वाटलं. मी त्याला दारावरच्या बोर्डासमोर उभं केलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. "थंडी वाजल्यास ताबडतोब बाहेर यावे. मर्दुमकी दाखवू नये." खाली माझी सही.
काही माणसांना अक्कल शिकवावी लागते.

२२ मार्च, शनिवार. दुपारी. गाडीत
अक्षर वाकडं येतंय, गाडी हलतेय म्हणून. (गाडी उभी आहे. पण वारा आहे.)
खाणीच्या तलावात पहिली डुबकी. स्वेटर आत घातला होता, कुणाला कळलं नाही. मिनिटभर काही वाटलं नाही. मग मानेतून पाणी शिरलं आणि पाठीवरून सरळ खाली गेलं. ते पायाच्या बाजूने बाहेर जाई, मग नवीन येई. लेक समोर होती. छान दिसत होती, मास्कमधून डोळे मोठे मोठे.
सहाव्या मिनिटाला लेकीनेच हात आडवे घेऊन दंड चोळले. बिचारीला थंडी सोसवली नाही. मी बाप म्हणून लगेच वर यायला तयार झालो. तिच्यासाठी डाइव्ह सोडली. तक्रारीचा शब्द काढला नाही.
काठावर चढताना स्वेटर पाणी पिऊन माझ्याएवढा जड झाला होता. एक बाही मनगटातून वीतभर बाहेर लोंबत होती. शिट्टीने ती दोन बोटांनी उचलून बघितली आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, वैयक्तिक बाब आहे.
त्यानंतर हिची पाळी. ही शिट्टीबरोबर सव्वीस मिनिटं खाली होती. जाण्याआधी थर्मासमधलं गरम पाणी मोज्यांत आणि सूटच्या गळ्यात ओतून घेतलं म्हणे. मध्ये एकदा थंडीची खूणसुद्धा केली, मग शिट्टीने तिला जरा वरच्या पाण्यात आणलं आणि पुढे नेलं. हिला लाज वाटली नाही. वर आल्यावर सगळ्यांना सांगत होती, मला बाई फार थंडी वाजली, पण मासा दिसला.

२३ मार्च
सर्दी. थंडीमुळे नाही, क्लबच्या टॉवेलला धुळीचा वास होता.
पुढच्या शनिवारसाठी योजना: स्वेटर दोन. पोटभर नाश्ता. मनाची एकाग्रता.

२५ मार्च, मंगळवार
लेकीची डाइव्हची वही जेवणाच्या टेबलावर उघडीच होती. नजर गेली. पहिल्या पानापर्यंत उलटावी लागली इतकंच.
"डाइव्ह १. सहा मिनिटं. बाबा थरथर कापत होता, ओठ निळे पडले होते. खूण करत नव्हता, म्हणून मी केली. मला थंडी वाजत नव्हती."
आता, पाण्याखाली सगळंच निळं दिसतं. हे शिट्टीने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पोरीचं लक्ष नसतं.
वही होती तशी ठेवली.

२६ मार्च. सकाळी
चहाच्या वेळी लेक समोर येऊन बसली. म्हणाली, बाबा, शनिवारी थंडी वाजली तर खूण करशील ना. मी म्हटलं, वाजली तर करेन की. ती म्हणाली, नाही, खरंच कर. मला खाली तुझ्याकडे बघत बसायचं नाहीये, मला तुझ्याबरोबर बघायचंय.
चहात धरलेलं बिस्किट तुटून आत पडलं. हल्ली बिस्किटं मऊच येतात.
वचन दिलं. हीसुद्धा ओट्याजवळून ऐकत होती. म्हणाली, सूट बदलून घ्या. मी म्हटलं, सूटमध्ये काही दोष नाही.

२९ मार्च, शनिवार. दुपारी ३
थोडक्यात लिहितो.
स्वेटर दोन. नऊ मीटरवर लेकीने अंगठा आणि तर्जनी जोडून विचारलं, ठीक? मी ठीकची खूण केली. बोटं जुळेनात, तरी केली. तिने परत विचारलं. परत केली. तिने स्वतःचे हात छातीवर आडवे धरून, मान तिरकी करून विचारलं, थंडी? मी मान हलवली, नाही. दात वाजत होते, तोंडातली नळी सांभाळता सांभाळता मास्कमध्ये पाणी गेलं. पाणी काढायचं कसं ते येत होतं, बोटं ऐकत नव्हती. मग शिट्टीने मला दंडाला धरून हळूहळू वर आणलं, पोतं आणतात तसं.
गाडीत पाऊण तास हीटर. हिने स्वतःची शाल माझ्याभोवती गुंडाळली, टोपी घातली, कपातलं गरम पाणी मला हाताने पाजलं. लेक पुढच्या सीटवर पाठमोरी बसली होती. मग म्हणाली, मी तुला तीनदा विचारलं.
शिट्टीचं भाषण झालं. थंडी वाजणं हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे. जोडीदाराने खोटं सांगितलं की दुसऱ्याचाही जीव जातो. मी म्हटलं, मी बावीस वर्षं अशाच क्षेत्रात आहे, मला नियम माहीत आहेत.
उद्याची शेवटची डाइव्ह मला करता येणार नाही. शिट्टीचा निर्णय. लेकीने अपील केलं नाही.

३० मार्च, रविवार. सकाळी १०.२०. काठावर
लेक आणि ही पाण्यात गेल्या, मागोमाग शिट्टी. मी थर्मास सांभाळतोय. अंगावर हिची शाल. ऊन आहे पण त्यात दम नाही.
पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रांगा दिसतात. अगदी जवळजवळ. शिट्टीची तिसरी जरा मागे. जाताना लेक हिच्या टोपीत केस नीट खोचत होती आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. माझ्यावरून नसावं.
एकदा रांगा उथळ पाण्याकडे सरकल्या. हिने खूण केली असणार. तिथे जरा वेळ थांबून मग पुढे गेल्या.
एकतीस मिनिटं.

३० मार्च. दुपारी. घरी
शेवटचं लिहून टाकतो.
काठावर कुणी नव्हतं. मी उभा राहून, हात छातीवर आडवे घेऊन दंड चोळत होतो, साधीसुधी सवय म्हणून. नेमकं तेव्हाच लेकीचं डोकं पाण्याबाहेर आलं. तिने माझ्याकडे बघितलं. मास्क वर केला. मग हात उंच करून ठीकची खूण केली, कळलं म्हणून, खाली करतात तशी.
काठावर आल्यावर मोजे काढता काढता म्हणाली, बाबा, हे खाली केलं असतंस तर.
मी म्हटलं, खाली थंडी नव्हती.
ती हसली नाही. आईचे बूट सोडवायला खाली बसली.
शिट्टीला बाजूला घेऊन विचारलं, १४ तारखेच्या आत पुन्हा एखादी डाइव्ह होईल का. पुढचा वर्ग मे महिन्यात आहे.
वाजली होती थंडी. दोन्ही वेळा.