विनाअपघात हजार दिवस

३ मार्च
पोरगा घरी! पाळी संपायला अजून आठवडा असताना! दारात उभा, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर पाइप उचलताना क्रेनची साखळी सटकली, दोन बोटं चिरडली. हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर आणलं, काल शस्त्रक्रिया. सूनबाई नुसती उशा रचते आहे.

४ मार्च
सकाळी सातला दारात कंपनीची गाडी. दुखऱ्या हाताने पोरगा कचेरीत! काम काही नाही. खुर्चीत बसायचं, डाव्या हाताने हजेरी लावायची. म्हणजे कामाचा दिवस बुडाला नाही. दिवस बुडाला नाही, म्हणजे अपघात नाही. रिगवरचा फलक शाबूत — विनाअपघात नऊशे नव्वद! दहा दिवसांनी हजार, आणि समारंभाला प्रमुख पाहुणा मी!

तो फलक माझा. लहानपणी कविता म्हणताना एक शब्द चुकला, की गुरुजी पहिल्या ओळीपासून म्हणायला लावत. रडू यायचं. पण काय गोडी होती त्या चालींना! फलकाचा नियम मी तिथूनच उचलला. एक अपघात — पुन्हा शून्यापासून. बावीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. मग माझ्या चेल्याला त्या खुर्चीत बसवलं. आला तेव्हा गॅसचा भोंगा आणि जेवणाची घंटा यांतला फरक कळत नव्हता त्याला. हाताला धरून शिकवलं.

त्यानेच गाडी पाठवली.

६ मार्च
चेल्याला फोन केला.
"सर! भाषण तयार ना? दोन ओळी कवितेच्या हव्यातच हं!"
म्हटलं, अपघात नोंदव. साखळी बदल.
"बदलायची तर कारण लिहावं लागतं, सर. हजार होऊ द्या, पहिलं काम तेच."
म्हणजे साखळी तशीच लटकते आहे, आणि खाली माणसं! मी आवाज चढवला. तो अगदी हळू म्हणाला, "सर, खुर्चीची युक्ती तुमचीच ना? त्या स्वयंपाक्याच्या वेळी?"
फोन आपटला. ज्याला बोट धरून चालवलं, तोच डोळ्यांत बोट घालतो!

७ मार्च
स्वयंपाक्याचं वेगळं होतं.

९ मार्च
सरकारी सुरक्षा निरीक्षकांना पत्र लिहायला बसलो. पोराने डाव्या हाताने कागद ओढून घेतला.
"नका, बाबा. मी लिहून दिलंय, किरकोळ खरचटलं म्हणून."
तूसुद्धा!
"बावन्न माणसं आहेत तिथे. माझ्या दोन बोटांपायी फलक शून्यावर आला, तर जेवायला कोणाशेजारी बसू? तुमचं काय जातंय? तुम्ही हार घालून घ्या!"
परक्याने दगा दिला तर दार लावता येतं. हा तर माझ्याच ताटाशेजारी जेवतो. सूनबाईने घास भरवला त्याला. मी उठून गेलो.

११ मार्च
आज पोराला सांगून टाकलं. स्वयंपाक्याचा पाय मी लिहिलं तसा मुरगळला नव्हता, मोडला होता. अकरा दिवस मी त्याला खुर्चीत बसवला. हाड वाकडं जुळलं. तो ज्या पायरीवर घसरला, तिचा फुटका कठडा तसाच राहिला, कारण कागदावर तिथे कोणी पडलंच नव्हतं. महिन्याने तिथूनच रंगारी खाली गेला. तो वाचला नाही. कंत्राटदाराचा माणूस, म्हणून आमच्या फलकावर धरलाच नाही; त्या साली आम्हाला सुरक्षेची ढाल मिळाली. मी हसत घेतली.

पोरगा पट्टीकडे बघू लागला. मग म्हणाला, "आज साखळीखाली कोणाची पाळी असेल?"
मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

१२ मार्च
सातला गाडी आली. दोनदा हॉर्न वाजला. पोरगा उठला नाही. "बाबा, सांगा त्यांना," म्हणाला, "हात दुखतोय. आज येणार नाही."