मागाखालची माती

तीर्थरूप बाबा, भिंगारच्या घरी सगळ्यांना नमस्कार.

गेल्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. इथे स्कॉटलंडला विणकरांच्या जुन्या घरांत मागाखाली फरशी होती, असं मी लिहिलं. ती फरशी फार नंतरची निघाली. विणकर मातीची जमीनच ठेवायचे. तिच्या ओलाव्यानं सूत तुटत नसे. तुमच्याकडे सूत सांधायला शिकले, तरी मला हे सुचलं नाही.

मी बरी आहे. दिवसभर लोकांना ही घरं दाखवून पाय तेवढे दुखतात. तुमचा खोकला कसा आहे?

“साहेबांच्या देशातसुद्धा फरशीच होती,” म्हणत दादानं तुम्हाला मागाचा खड्डा बुजवून फरशी घालायला राजी केलं, ते माझ्या पत्रामुळेच. गवंडी सोमवारी येणार ना? दादाला मीच फोन करून थांबवते, रविवारी, नऊ नोव्हेंबरला.

तुमची अंबिका